झाकण मालकासमोरच

सुमन ढेपे या बाईंशी मी दोनदा भाव करायला गेलो आणि दोन्ही वेळा हरलो. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाबद्दल मी असं लिहून देणार नाही. भंगारवाले, टेम्पोवाले, कंपन्यांचे परचेसवाले, सगळ्यांशी पंचवीस वर्षं घासाघीस करत आलोय. माण तालुक्यातून आलो तेव्हा भोसरीत दुसऱ्याच्या शेडमध्ये ड्रिल मशीनवर उभा होतो. आज स्वतःची शेड आहे आणि ती भाव करूनच उभी राहिली आहे. त्याची मला लाज नाही. सुमनताईंशी पहिल्यांदा हरलो ते त्यांच्या मजुरीवरून, ते केव्हाच विसरलो. दुसऱ्यांदा ज्यावरून हरलो ते विसरता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

त्यांची गाठ पडली ती घरातल्या कंप्युटरमुळे. मी लोखंडी ब्रॅकेट बनवतो. चाकणच्या एका कंपनीला अकरा वर्षं देत होतो. पूर्वी वर्षातून एकदा परचेसच्या साहेबासमोर बसायचं, चहा यायचा, तो खाली ओढायचा, मी वर ओढायचो आणि मधे कुठेतरी दोघं थांबायचो. मग कंपनीने ठरवलं की समोरासमोर बसायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी कंप्युटरसमोर बसायचं, पडद्यावर घड्याळ उलटं चालणार, आणि जो भाव सर्वांत खाली आणील त्याला काम. समोर कोण बसलंय ते कळत नाही. माणसाचं तोंड न बघता भाव कसा करायचा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळत नाही. तरी बसलो. शेवटची तीन मिनिटं उरली आणि पडदा गोठला. माउस हलेना, घड्याळ हलेना, मधोमध एक चक्र गरागरा फिरत राहिलं. ते थांबलं तोवर लिलाव संपला होता आणि काम भलत्याच माणसाला गेलं होतं. साहेबाला फोन केला. तो म्हणाला, आमच्या हातात काही नाही, सिस्टीमने ठरवलंय. अकरा वर्षांत माझा एक नग परत आला नव्हता. तो राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

कंप्युटर उचलून एका चकचकीत दुकानात नेला. तिथल्या पोराने झाकणसुद्धा उघडलं नाही. कितवं वर्ष आहे विचारलं, मी आठवं म्हटलं, तर म्हणाला, काका, फेकून द्या आणि नवा घ्या. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर माझी बायको वंदना म्हणाली की तिच्या भिशीत एक बाई येतात, कासारवाडीला राहतात, घरी येऊन कंप्युटर दुरुस्त करतात. बाई आणि कंप्युटर दुरुस्ती, असं मी म्हणालो असेन. वंदनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई स्कूटीवरून आल्या. ठेंगण्या, पन्नाशीला आलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पंजाबी ड्रेसवर निळा एप्रन, बहुतेक जुन्या कुठल्या कंपनीचा, कारण खिशावरचं नाव उसवून काढलेलं होतं आणि तेवढा चौकोन बाकीच्या कापडापेक्षा गडद राहिला होता. मी आधी मजुरी ठरवायला बसलो. त्यांनी एक आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला. त्यांनी तोच आकडा पुन्हा सांगितला. मी जरा वर गेलो. त्यांनी तोच आकडा तिसऱ्यांदा सांगितला, आवाज न चढवता, बसची वेळ सांगावी तसा. भाव करणाऱ्या माणसाला समोरच्याचं काहीतरी हलावं लागतं, भुवई तरी. त्यांचं काहीच हललं नाही. मी हो म्हणालो.

"तुम्ही करा तुमचं, मी शेडवर जाऊन येतो," असं म्हणून मी चपला घातल्या, तर त्यांनी बॅगेला हातही लावला नाही.

"तुम्ही असाल तरच उघडणार," त्या म्हणाल्या. "झाकण मालकासमोरच. बसा की, तासाभराचं काम आहे."

मला कामाच्या वेळी कुणी बसवून ठेवलेलं खपत नाही. पण चपला काढल्या. मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. कंप्युटर कधी अडकतो? मी म्हटलं, कधीही अडकतो. त्या म्हणाल्या, कधीही काही अडकत नाही, भाऊ, आठवा. सुरू केल्यावर किती वेळाने? पंखा चालू असताना का बंद असताना? सकाळी का दुपारी? मला काही सांगता येईना. वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली, सकाळीच जास्त, देवपूजा झाल्यावर. सुमनताईंनी मान वर करून पहिल्यांदा टेबलाच्या शेजारी बघितलं. तिथे देव्हारा होता.

आता हे सांगायला हवं. आमच्या शेडमध्ये खंडेनवमीला मशीनांची पूजा होते, सगळ्यांच्याच होते. कोटेशन घरच्या कंप्युटरवरून जातात, म्हणजे लक्ष्मी तिथूनच येते, म्हणून मी तो मुद्दाम देव्हाऱ्याला चिकटून ठेवला होता. दर खंडेनवमीला त्याच्या सीपीयूवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. रोज सकाळी देवाला ओवाळून झालं की उदबत्ती त्याच्याही डोक्याशी लावायची. वरून वंदनाने शिवलेलं कापडी आवरण, चालू असतानाही, धूळ बसू नये म्हणून. आठ वर्षं आम्ही त्याची इतकी काळजी घेतली होती.

सुमनताईंनी चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि चष्मा लावला. वरच्या जाळीतून आठ वर्षांचं हळदकुंकू आत पडलं होतं. पंख्याच्या पात्यांवर उदबत्तीच्या धुराचा चिकट काळा थर, त्यात कुंकू, त्यात झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा. त्यांनी चिमट्याने एकेक तांदूळ काढून वर्तमानपत्रावर ठेवायला सुरुवात केली. एकोणीस निघाले. पंखा बोटानेही फिरत नव्हता. प्रोसेसर आत भाजत होता आणि भाजला की काम टाकून बसत होता. त्याची उष्णता ओढून घेणारी वरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती त्यांनी खरवडून नवी लावली आणि रंगाच्या ब्रशने सगळा काळा थर काढला.

"पूजा बाहेरून करा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आत पंखा आहे."

मग कंप्युटर सुरू करून त्यांनी पडद्यावर बघितलं, तर मी तीन अँटीव्हायरस घालून ठेवले होते. तिन्ही फुकटचे. एक फुकट मिळतो तर तीन का घेऊ नयेत, असा माझा हिशोब. त्या म्हणाल्या, एका दारावर तीन वॉचमन बसवलेत, आत येणाऱ्याला तिघं तपासायलेत आणि मग एकमेकांना तपासायलेत, मशीन काम कधी करणार? दोन काढून टाकले. वंदनाने चहा आणला होता, तो मघापासून तसाच होता. कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तो झटकन उघडला, तेव्हा त्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला. मशीन चालल्याशिवाय कुणाच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. गरम करून देते म्हटलं तरी नको म्हणाल्या.

पुढच्या लिलावात तो कंप्युटर शेवटपर्यंत अडकला नाही. काम मला मिळालं नाही. पण या वेळी मी स्वतः थांबलो होतो, माझ्या भावावर. त्यात आणि आधीच्या हरण्यात फरक आहे.

मालकासमोरच उघडायचं, हे कुठून आलं ते त्यांनी नंतर कधीतरी वंदनाला सांगितलं. त्या मूळच्या लातूरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि भोसरीत मशीनांची कंट्रोल कार्डं बनवणाऱ्या एका कंपनीत सोल्डरिंगला लागल्या. पार्ट बारीक, खिशात मावणारे, म्हणून शिफ्ट सुटली की गेटवर बायकांची तपासणी. पर्स उघडायची, जेवणाचा डबा उघडायचा. खरकटा डबा रोज कुणीतरी झाकण काढून आत डोकावून बघायचं, चौदा वर्षं. एकदाही काही सापडलं नाही आणि एकदाही कुणी बघायचं थांबलं नाही. "म्हणून दुसऱ्याची वस्तू त्याच्या पाठीमागे मी उघडत नाही," एवढंच त्या वंदनाला म्हणाल्या. लाइनवरचा कंप्युटर सारखा गोठायचा, इंजिनिअर बघायला यायचा, तो काय करतो ते हातातलं काम न थांबवता बघत बघत त्या शिकल्या. पुढे इंजिनिअर यायच्या आत मशीन सुरू व्हायला लागलं. मग कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. जाताना सगळ्या बायकांपुढे इंग्रजीतला कागद ठेवला. सगळ्या सह्या करत होत्या, सुमनताई उभ्या राहिल्या आणि हा मराठीत मोठ्याने वाचून दाखवा म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला, वेळ नाही. त्या म्हणाल्या, सही माझी आहे, मला वेळ आहे. वाचून दाखवावा लागला.

आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत त्यांचं नाव मीच पसरवलं. वर्षभरात पंधरावीस घरी त्या येऊ लागल्या, मग शेजारच्या दोन सोसायट्यांतही. तिसऱ्या मजल्यावरच्या निकम साहेबांनाही मीच नंबर दिला. हे साहेब मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. त्यांचा कंप्युटर हळू चालत होता. सुमनताई गेल्या, तर साहेबांना कुठेतरी जायचं होतं. तुम्ही उघडून बघा, मी येतो तासाभरात, असं ते म्हणाले. अर्थात बाईंनी उघडला नाही. साहेबांसमोर दहा मिनिटं पडद्यावरचं फालतू काय ते काढून टाकलं, वेळ असेल तेव्हा बोलवा, मग आतून बघते, असं सांगून निघून आल्या. साहेबांनी परत बोलावलं नाही.

महिन्याने कंप्युटर पुन्हा रखडायला लागला तेव्हा साहेब तो घेऊन एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने झाकण काढून बघितलं आणि सांगितलं की मेमरी कार्डाच्या, म्हणजे रॅमच्या, जागा दोन आहेत, कार्ड एकच आहे, आधी कुणी हात लावला होता का? एवढं पुरे होतं. त्या दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेटच्या कॅमेऱ्यातला सुमनताईंचा फोटो आला, निळ्या एप्रनमधला. खाली लिहिलं होतं की ही बाई दुरुस्तीच्या नावाखाली पार्ट चोरते, सावध राहा. तासाभरात तो शेजारच्या सोसायट्यांत पोहोचला. गेटवर प्रवेश बंद असलेल्यांचा फळा असतो, त्यावर वॉचमनने त्यांचं नाव खडूने लिहिलं. आठवड्यात त्यांचा फोन वाजायचा बंद झाला. लोकांच्या घरात जाऊन काम करणाऱ्या बाईकडे विश्वासाशिवाय भांडवल काय असतं? ते एका दुपारी संपलं.

मला वाटलं, हे आपलं काम आहे. संध्याकाळी बागेत निकम साहेबांना गाठलं. त्यांना नवं कार्ड हवं होतं आणि लेखी माफी. मी दोन फेऱ्या मारता मारता त्यांना खाली आणलं. माफी काढून टाकली, ग्रुपवर पुन्हा विषय काढायचा नाही हे कबूल करून घेतलं, फळ्यावरचं नाव पुसायचं ठरवलं, आणि बदल्यात फक्त एक कार्ड. तेही मीच विकत आणून देणार होतो. माझ्या मते यापेक्षा चांगला सौदा होऊच शकत नव्हता.

ते सांगायला मी कासारवाडीला गेलो. स्टेशनजवळच्या चाळीत त्यांची खोली. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, जरा रंगवूनच. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"आणि ते कार्ड मी कुठून आणून दिलं म्हणणार?" त्यांनी विचारलं.

मी त्या बाजूने विचारच केला नव्हता.

"भाऊ, तुम्ही माझी चोरी कबूल करून आलात," त्या म्हणाल्या. "आणि ती स्वस्तात पडली म्हणून खूश आहात."

मी चिडलो. स्वभाव आहे. म्हटलं, तुमच्यासाठी त्या माणसामागे दोन फेऱ्या मारल्या, त्याच्या तोंडाकडे बघायची माझी इच्छा नसते. त्या म्हणाल्या, मारायला कुणी सांगितलं होतं? मी उठलो. दारापर्यंत गेलो, चपलेत पायही घातला. मग त्या मागून शांतपणे म्हणाल्या, "रविवारी तुमची मीटिंग असते ना? मला नुसतं गेटमधून आत घ्या. बाकीचं मी बघते."

रविवारी मी स्वतः गेटवर जाऊन उभा राहिलो. वॉचमन फळ्याकडे बोट दाखवायला लागला. मी त्याला सांगितलं की मेंबर मी आहे, पाहुण्या माझ्या आहेत, ज्याला अडवायचं त्याने खाली येऊन मला अडवावं. कुणी आलं नाही. सुमनताईंनी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि कामाच्या रकान्यात 'झाकण उघडणे' असं लिहिलं.

मीटिंग पार्किंगमध्ये होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. पाण्याच्या टँकरवरून वाद चालला होता. सुमनताई पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की निकम साहेबांचा सीपीयू खाली आणा, सोबत खरेदीचं बिल आणा, पाच मिनिटांचं काम आहे. सेक्रेटरी म्हणाले, हा विषय अजेंड्यावर नाही. मागून एक बाई म्हणाली, फोटो टाकला तेव्हा कुठे अजेंड्यावर होता? त्या बाईंच्या घरी सुमनताई तीनदा येऊन गेल्या होत्या. सीपीयू खाली आला.

"मी हात लावणार नाही," सुमनताई म्हणाल्या आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "साहेब, तुम्हीच उघडा."

निकम साहेबांनी स्क्रू काढले. झाकण निघालं, सेक्रेटरींनी मोबाइलची बॅटरी मारली आणि सगळे वाकले. आत धुळीचं घोंगडं पसरलं होतं. कार्डाच्या दोन जागा शेजारी शेजारी. एकीत कार्ड, दुसरी रिकामी, आणि त्या रिकाम्या खाचेत वरपर्यंत दाबून बसलेली धूळ. सुमनताईंनी सेक्रेटरींना त्यावर बोट फिरवायला सांगितलं. बोट करडं झालं.

"माझ्या हातून मशीन गेलं असतं तर आत अशी धूळ राहिली असती का, ते ज्यांच्या घरी मी काम केलंय त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "आणि महिन्यापूर्वी इथून कार्ड काढलं असतं, तर महिन्यात एवढी धूळ खाचेत कशी भरली? आता जे कार्ड आहे त्यावरचा जीबीचा आकडा वाचा. मग बिलावरचा वाचा."

कार्डावर आठ होता. बिलावरही आठ होता. साहेबांनी विकत घेतलं होतं तेवढं सगळं आत होतं, एकाच कार्डात. दुसऱ्या जागी कधी काही बसवलंच नव्हतं.

निकम साहेब म्हणाले, दुकानवाल्याने सांगितलं म्हणून गैरसमज झाला, जाऊ द्या. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे, तो मेसेज आपण डिलीट करून टाकू. मला वाटलं, झालं. त्यांच्या जागी मी असतो तर इथे उठलो असतो.

"डिलीट नका करू," सुमनताई म्हणाल्या. "चोर म्हटलेलं सगळ्यांनी वाचलंय. नाही म्हटलेलं पण वाचू द्या. त्याच ग्रुपवर, त्याच फोटोसकट."

साहेब म्हणाले, घरी जाऊन टाकतो. त्या मागची एक खुर्ची ओढून बसल्या. मीटिंग पुन्हा टँकरवर गेली, मग गळक्या टाकीवर, मग गाड्या कुणी कुठे लावायच्या यावर. ऊन पार्किंगच्या आत सरकत आलं. त्या हलल्या नाहीत, कुणाशी बोलल्या नाहीत, मोबाइलही काढला नाही. नुसत्या निकम साहेबांकडे बघत बसल्या. आणि मग एकाच वेळी तिथल्या सगळ्यांच्या खिशात फोन वाजले. त्यांनी माझा फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि मेसेज दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की कदाचित गैरसमज झाला असावा.

"साहेब, कदाचित काढा," त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजले.

त्यांना सोडायला मी गेटपर्यंत गेलो. माझं चुकलं, असं म्हणणार होतो. मला ते शब्द पटकन जमत नाहीत. आम्ही फळ्यापाशी पोहोचेपर्यंत निकम साहेब धापा टाकत मागून आले. आता एवढं उघडलंच आहे तर साफ करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. या वेळी ते खांद्याकडे बघत नव्हते.

"देईन की," त्या म्हणाल्या. "पण गेटच्या बाहेर. आत आता मी येणार नाही."

त्या कधीच आल्या नाहीत. आमच्याकडेही नाही. वंदनाने दोनदा फोन करून बघितला, पण तुमच्यावर राग नाही, बाहेर घेऊन या, एवढंच उत्तर. समोरच्या झेरॉक्सवाल्याने त्यांना फुटपाथवर टेबल टाकून दिलं आणि दुकानातून वायर ओढून दिली. दर शनिवारी सकाळी त्या तिथे बसायच्या. काही लोक म्हणाले, हा माज झाला. हेच लोक शनिवारी सीपीयू कडेवर घेऊन लिफ्टमधून उतरताना मी बघितले आहेत.

पुढे माझी शेड चाकणच्या पलीकडे गेली आणि आम्हीही तिकडेच राहायला गेलो. जायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना शेवटचं बघितलं. माझ्यापुढे दोघं होते, त्यातले एक निकम साहेब. प्रत्येकाच्या हातात आपापला सीपीयू, वायरी लोंबणाऱ्या. सुमनताई कुणाचा तरी पंखा काढून उन्हात धरून बघत होत्या. तेवढ्यात गेटमधून वॉचमन आला. फळ्यावरचं नाव कधीच पुसलंय, सेक्रेटरी साहेबांनी निरोप दिलाय, ताईंनी आत क्लबहाऊसमध्ये बसावं, तिथे एसी आहे, रस्त्यावर बरं दिसत नाही.

त्यांनी पंख्यावरची नजर काढली नाही.

"त्यांना सांग, इथं उजेड चांगला आहे."

वॉचमन परत गेला. पुढच्याचं काम झालं. मी माझा सीपीयू दुसऱ्या काखेत घेतला आणि निकम साहेबांच्या मागे एक पाऊल पुढे सरकलो.